पाणी प्रत्येक वेळी तसेच वागते, तरी त्याला 'असंगत' का म्हणायचे?

चौकट (धागाकर्ता):

शालेय विज्ञानात 'पाण्याचे असंगत आचरण' हा पाठ आपण सर्वांनी वाचलेला आहे. शून्य अंशावरून तापवू लागले की पाणी आधी आकुंचन पावते, ४ अंश सेल्सिअसच्या आसपास त्याची घनता सर्वाधिक होते आणि तिथून पुढे ते इतर द्रवांप्रमाणे प्रसरण पावू लागते. म्हणूनच तळी वरून गोठतात आणि बर्फाखालचे पाणी द्रव राहते. पाठ सोपा आहे, परंतु त्याच्या शीर्षकातील 'असंगत' या शब्दाने मला अलीकडे बराच त्रास दिला. पाणी हे क्वचित करत नाही. नेहमीच्या वायुदाबाखाली शुद्ध पाणी प्रत्येक वेळी हेच करते, आणि रेणूंमधील हायड्रोजन बंधांमुळे तयार होणाऱ्या मोकळ्या रचनेवरून त्याचे कारणही समजावून सांगता येते. जे दर वेळी घडते, ज्याचा नियम माहीत आहे आणि ज्याचे स्पष्टीकरणही हाताशी आहे, ते असंगत कसे?

उत्तर उघड दिसते: ते इतर द्रवांशी असंगत आहे. परंतु मग असंगतपणा पाण्यात नसून आपण त्याला ज्या रांगेत उभे केले त्या रांगेत आहे. पाण्याखेरीज दुसरा द्रवच आपल्या परिचयाचा नसता, तर पहिल्यांदा पारा हाती आल्यावर आपण पाऱ्याला असंगत ठरवले असते.

यावरून शोधू लागलो तेव्हा गोंधळ वाढला. खगोलशास्त्रात या अर्थाचा शब्द एका कोनाचे नाव आहे, हवामानशास्त्रात तो वजाबाकीचे उत्तर आहे, वैद्यकात तो जन्मजात रचनादोष आहे, अर्थशास्त्रात तो सिद्धांतावरील आक्षेप आहे आणि विदागार (डेटाबेस) रचणाऱ्यांच्या भाषेत ती आराखड्यातील चूक आहे. तेव्हा प्रश्न असा: विसंगती ठरवण्याची कसोटी कोणती? दुर्मिळपणा, नियमभंग, चूक, की केवळ आपली फसलेली अपेक्षा? माझा कल शेवटच्या पर्यायाकडे आहे. गूढ आणि अलौकिक घटनांसाठी वेगळे धागे आहेत. इथे ज्या त्या विद्याशाखेत हा शब्द प्रत्यक्ष कसा वापरला जातो, एवढ्यापुरतेच बोलावे ही विनंती.

मंदोच्च:

शब्दाच्या उगमापासून सुरुवात करतो, कारण त्याबद्दल एक गैरसमज सर्रास आढळतो. 'अनॉमली' हा मूळ ग्रीक शब्द 'नोमोस', म्हणजे नियम, यापासून आला असावा असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तो 'होमालोस', म्हणजे सपाट किंवा एकसारखा, याच्या नकारातून आलेला आहे. म्हणजे मूळ अर्थ 'नियमबाह्य' नसून 'खडबडीत', 'असमान' असा आहे. खगोलशास्त्रातील वापर याच अर्थाशी प्रामाणिक राहिला. इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकात ग्रीक खगोलशास्त्रज्ञ हिपार्कसने वसंतसंपातापासून उन्हाळी अयनदिनापर्यंत ९४½ दिवस आणि तिथून शरदसंपातापर्यंत ९२½ दिवस धरले होते. सूर्य आकाशात समान वेगाने फिरत असता तर चारही ऋतू सारखेच लांब असायला हवे होते. ही असमानता म्हणजे अनॉमली. पुढे ती मोजण्यासाठी जो कोन घ्यायचा, त्यालाच ते नाव चिकटले आणि केप्लरनंतरही टिकले. आपल्याकडील सिद्धांतग्रंथांत त्याच कोनाला मंदकेंद्र म्हणतात. माझे टोपणनाव त्याच कुटुंबातील आहे.

यात एक गंमत आहे. जुने ज्योतिषी हा कोन कक्षेतील सर्वांत दूरच्या बिंदूपासून, म्हणजे उच्चापासून, मोजत असत. आजचे खगोलशास्त्रज्ञ ग्रहांसाठी तो सूर्याला सर्वांत जवळच्या बिंदूपासून मोजतात. म्हणजे ज्या क्षणी एकाची 'असमानता' शून्य असते, त्याच क्षणी दुसऱ्याची १८० अंश असते. ग्रह मात्र एकाच जागी आहे. आज या कोनात असंगत असे काहीच उरलेले नाही. तो ग्रहाचा पत्ता आहे. चौकट यांचे म्हणणे इथे पूर्णपणे लागू पडते.

शब्दवेध:

'अपवाद' आणि 'विसंगती' यांत गल्लत होण्याआधी एक भेद नोंदवून ठेवू इच्छिते. पाणिनीय परंपरेत सामान्य नियमाला उत्सर्ग आणि विशेष नियमाला अपवाद म्हणतात, आणि अपवाद हा उत्सर्गापेक्षा बलवान मानला जातो. म्हणजे अपवाद हा नियमव्यवस्थेचाच भाग आहे. त्याची जागा आधी राखून ठेवलेली असते. ज्याला अशी जागा मिळालेली नाही, ती विसंगती. एखाद्या रूपाची सिद्धी नेहमीच्या सूत्रांनी होत नसेल तर ते रूप तयार स्थितीतच सूत्रात नोंदवायचे, याला निपातन म्हणतात; व्याकरणकाराने 'हे असेच आहे' म्हणून मान्य केलेली ही जागा मला विसंगती आणि अपवाद यांच्यामधला उंबरठा वाटते.

दुर्मिळपणाची कसोटी भाषेत तर अगदी उलटी पडते. मराठीतील क्रियापदांची भूतकाळी रूपे पाहा. बस-बसला, चाल-चालला, उठ-उठला ही नियमित रूपे. आता अनियमित रूपे आठवा: जा-गेला, ये-आला, कर-केला, हो-झाला, दे-दिला, घे-घेतला. ही भाषेतील सर्वांत जास्त वापरली जाणारी क्रियापदे आहेत! रोज हजारदा उच्चारली जातात म्हणूनच त्यांची जुनी, वाकडी रूपे टिकून राहिली. क्वचित वापरात येणाऱ्या क्रियापदाचे अनियमित रूप पुढच्या पिढीच्या कानावर पुरेसे पडत नाही आणि ते नियमाच्या साच्यात ढकलले जाते. लहान मूल 'मी केलं' ऐवजी 'मी करलं' म्हणते तेव्हा ते नियम पाळत असते आणि आपण त्याला विसंगती शिकवत असतो.

हा वाद जुना आहे. भाषा मुळात सादृश्यावर चालते की असमानतेवर, यावर ग्रीक विद्वानांत दोन पक्ष पडले होते आणि इसवीसनपूर्व पहिल्या शतकातील रोमन विद्वान वॅरो याने दोन्ही बाजूंची मांडणी केली आहे. तिथेही शब्द 'अनॉमली' हाच होता.

सूक्ष्मदर्शी:

मी विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करतो, त्यामुळे रोज शेकडो आकड्यांपुढे 'सामान्य मर्यादेबाहेर' अशी खूण उमटताना पाहतो. ही मर्यादा कशी ठरते हे बहुतेक रुग्णांना सांगितले जात नाही. निरोगी माणसांच्या मोठ्या गटाची तपासणी करून मधल्या ९५ टक्के मूल्यांची पट्टी सामान्य मानली जाते. म्हणजे व्याख्येनेच प्रत्येक वीस निरोगी माणसांतील एक मर्यादेबाहेर पडतो. एखाद्या निरोगी माणसाच्या परस्परांवर अवलंबून नसलेल्या वीस चाचण्या केल्या, तर निदान एक आकडा 'असामान्य' येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. प्रत्यक्षात चाचण्या इतक्या स्वतंत्र नसतात, तरी दिशा तीच. तेव्हा इथे विसंगती ही निम्मी आपणच निर्माण केलेली आहे, हे मान्य.

परंतु चौकट यांचा निष्कर्ष मला मान्य नाही. वैद्यकात दोन वेगळ्या कसोट्या आहेत आणि आपण त्यांतील एकच पाहिली. कोपर आणि मनगट यांच्या दरम्यानचा पामारिस लाँगस नावाचा स्नायू अनेकांना जन्मतः नसतो आणि नसल्याचे त्यांना कळतही नाही. त्याला आम्ही शारीररचनेतील भिन्नता म्हणतो. हृदय उजवीकडे आणि सर्व अवयव आरशातल्यासारखे उलटे, ही स्थिती साधारणपणे दहा हजारांत एकाची, म्हणजे कितीतरी दुर्मिळ, तरी तिचे अनेक धनी विनातक्रार म्हातारे होतात. याउलट, विल्हेल्म एब्स्टाइनने १८६६ साली वर्णन केलेल्या हृदयदोषात त्रिदली झडप आपल्या जागेवरून खाली सरकलेली असते आणि रक्त उलट वाहते. त्या दोषाच्या नावात 'अनॉमली' हा शब्द आहे आणि तो आमच्या अपेक्षेसाठी थांबलेला नाही. कोणी अपेक्षा केली असती वा नसती, बाळाला धाप लागलीच असती. ही विसंगती रचना आणि कार्य यांच्यातील आहे, निरीक्षक आणि निरीक्षण यांच्यातील नव्हे.

चौकट:

सूक्ष्मदर्शी, आपला आक्षेप रास्त आहे आणि माझी मांडणी त्यामुळे तोकडी पडते हे मी मान्य करतो. तरी एक उपप्रश्न विचारतो. झडप 'आपल्या जागेवर' असणे, म्हणजे तिला एक योग्य जागा असणे, ही कल्पना हृदयाचे काम रक्त एका दिशेने ढकलणे हे आहे, यावरून येते. दगडाला असे काम नसते, म्हणून दगडात एब्स्टाइनसारखी विसंगती असू शकत नाही. मग असे म्हणावे का, की जिथे वस्तूला काम असते तिथे मोजपट्टी त्या कामातच असते, आणि जिथे काम नसते तिथे ती आपण बाहेरून आणतो?

सूक्ष्मदर्शी:

इतपत चालेल. यंत्रांनाही तेच लागू होईल.

मोजपट्टी:

भूभौतिकीच्या बाजूने लिहितो. आमच्याकडे विसंगती हा भूकंपासारखा प्रसंग नसून रोजचा कच्चा माल आहे. पृथ्वीचे गुरुत्वीय त्वरण विषुववृत्तावर सुमारे ९·७८ आणि ध्रुवांवर ९·८३ मीटर प्रति सेकंद वर्ग असते. अक्षांश, उंची आणि मधल्या खडकांचे वस्तुमान लक्षात घेऊन एखाद्या ठिकाणी ते किती असावे याचा हिशेब मांडतात, प्रत्यक्ष मोजलेल्या मूल्यातून तो वजा करतात आणि जे उरते त्याला गुरुत्वीय असंगती म्हणतात. ती मिलिगॅलमध्ये सांगतात. एक मिलिगॅल म्हणजे आपल्या नेहमीच्या गुरुत्वाचा सुमारे दहा लाखावा भाग. किती वजा केले यावर तिचे नाव बदलते: फक्त उंचीचा हिशेब केला तर एक असंगती, खडकांचाही केला तर पिएर बुगेच्या नावाची दुसरी. जागा एक, उपकरण एक, वाचन एक, आणि असंगती दोन, दोन्ही बरोबर.

याचे सर्वांत बोधक उदाहरण हिमालयाजवळचे आहे. एकोणिसाव्या शतकातील भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात कल्याणपूर आणि कलियाना या दोन स्थानकांमधील अक्षांशांचे अंतर दोन रीतींनी काढले गेले, एकदा जमिनीवरील मोजणीने आणि एकदा ताऱ्यांच्या वेधांनी. दोन्ही उत्तरांत सुमारे ५·२ विकलांची (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) तफावत निघाली. ही पहिली विसंगती: तफावत आलीच का? हिमालयाचे प्रचंड वस्तुमान ओळंब्याला आपल्याकडे ओढते आणि त्यामुळे वेध चुकतात, असा विचार करून जॉन प्रॅट यांनी १८५५ च्या सुमारास त्या ओढीचा हिशेब केला. उत्तर आले सुमारे १५·९ विकला. म्हणजे तफावतीचे कारण सापडले खरे, पण ते गरजेपेक्षा तिप्पट बलवान निघाले! आता विसंगती उलटी झाली: तफावत इतकी कमी का? सर्वेक्षणाच्या वहीतील आकडा तोच, ५·२. आधी तो फार मोठा होता, नंतर फार लहान ठरला. त्यावर पर्वतांखाली हलक्या खडकांची खोल मुळे असतात अशी कल्पना जॉर्ज एअरी यांनी मांडली, प्रॅट यांनी स्वतःचे वेगळे स्पष्टीकरण दिले आणि भूपृष्ठाच्या समतोलाचा सिद्धांत यातूनच वाढला.

हवामानातील तापमान-विचलनाबद्दल थोडक्यात. तिथे निरपेक्ष तापमानाऐवजी तीस वर्षांच्या सरासरीपासूनचा फरक घेतात, आणि त्याचे कारण व्यावहारिक आहे: डोंगरमाथ्यावरचे आणि दरीतले तापमान फार वेगळे असते, पण एखादा महिना नेहमीपेक्षा किती उष्ण होता हे दोन्हीकडे बरेचसे सारखे निघते, त्यामुळे स्थानके विरळ असली तरी सरासरी विश्वासार्ह येते. मात्र नासाची एक प्रसिद्ध मालिका १९५१ ते १९८० ही तीस वर्षे धरते, तर जागतिक हवामान संघटनेचा सध्याचा प्रमाण-काळ १९९१ ते २०२० आहे. त्यामुळे एकाच महिन्याचे जागतिक विचलन दोन ठिकाणी अर्ध्या अंशाहून अधिक फरकाने छापले जाते आणि मग 'आकडे फिरवले' अशी ओरड होते. आकडे कोणी फिरवलेले नसतात. शून्य वेगळ्या ठिकाणी ठोकलेले असते.

अर्धविराम:

वाचनखूण साठवतो. एक शंका आहे. एवढ्या सगळ्या विसंगती शांतपणे वजाबाकीत बसवता येत असतील, तर 'विसंगतीमुळे सिद्धांत कोसळला' असे आपण कशाला म्हणतो?

मंदोच्च:

कारण वजाबाकी केल्यावर जे उरते ते नेहमी शांत बसत नाही. युरेनस हिशेबाप्रमाणे चालत नव्हता. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिए यांनी न्यूटनच्या नियमावर विश्वास ठेवून, पलीकडे एक अज्ञात ग्रह असावा असे गणित मांडले आणि २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत तो, म्हणजे नेपच्यून, सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत सापडला. तेच ल व्हेरिए १८५९ साली बुधाकडे वळले. बुधाच्या कक्षेचा सूर्याजवळचा बिंदू हिशेबापेक्षा अधिक वेगाने सरकत होता. आजच्या आकड्याप्रमाणे शतकाला ४३ विकला. त्यांनी तोच उपाय केला: आत एक ग्रह असावा. त्याला व्हल्कन हे नावही मिळाले, तो दिसल्याचे दावेही झाले, खग्रास ग्रहणांत त्याचा शोधही घेतला गेला. तो नव्हता. नोव्हेंबर १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या नव्या गुरुत्वसिद्धांतातून ते ४३ विकला बाहेर पडले.

माणूस एक, पद्धत एक, विसंगतीचा प्रकार एक. एकदा वस्तूंची यादी अपुरी होती, एकदा नियमच अपुरा होता. विसंगतीकडे पाहून यांतले कोणते हे आधी सांगता येत नाही. विज्ञानाचा इतिहासकार थॉमस कून याने १९६२ साली दाखवून दिले की बहुतेक न जुळणारी निरीक्षणे संशोधकांना सिद्धांतावरील आक्षेप वाटत नाहीत, तर सोडवायची कोडी वाटतात, आणि मला ते आळसाचे लक्षण वाटत नाही. प्रत्येक तफावतीला सिद्धांत सोडून द्यायचा ठरवला असता, तर नेपच्यून सापडलाच नसता.

छिद्रान्वेषी:

आणि तिसरी शक्यता, जी प्रत्यक्षात सर्वाधिक वेळा खरी ठरते, ती कोणीच मांडली नाही: मोजण्यातील चूक. २०११ साली ऑपेरा प्रयोगात जिनिव्हाजवळून सुमारे ७३० किलोमीटर अंतरावरील ग्रान सासोला पाठवलेले न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पोहोचताना दिसले. त्या मंडळींनी ते जाहीर करताना इतरांनी तपासावे असेच आवाहन केले होते. २०१२ मध्ये मुख्य दोष नीट न बसलेल्या प्रकाशतंतूच्या जोडणीत निघाला. पायोनियर १० आणि ११ ही अंतराळयाने सूर्याकडे किंचित अधिक ओढली जात होती, तेव्हा गुरुत्वाकर्षणाचे नियम बदलायला निघालेल्यांची संख्या कमी नव्हती. २०१२ साली हिशेब लागला: यानातील उष्णता एका बाजूला अधिक बाहेर पडत होती आणि तिचा उलटा रेटा यानाला बसत होता. न्यूट्रिनोच्या बाबतीत मोजमाप चुकले होते, पायोनियरच्या बाबतीत मोजमाप बरोबर होते आणि अपेक्षा अपुरी होती. दोन्ही 'चुका' म्हणून एका पोत्यात भरू नयेत.

विदाविद:

संगणकाच्या बाजूने सांगायचे तर आमच्या क्षेत्रात एकाच शब्दाचे दोन अर्थ नांदतात आणि त्यांची एकमेकांशी ओळखही नाही. विदागाराच्या आराखड्यात विसंगती म्हणजे एकच माहिती दोन ठिकाणी साठवल्यामुळे एक बदलली आणि दुसरी तशीच राहिली, अशी परिस्थिती. हिचा संबंध दुर्मिळपणाशी नाही, अपेक्षेशीही नाही. आराखडा तसा असेल तर ती होणारच. सूक्ष्मदर्शी यांच्या झडपेशी तिचे नाते जवळचे आहे.

दुसरा अर्थ विसंगती-शोधाचा: बँकेचे व्यवहार, जालावरची रहदारी, यंत्रांची कंपने यांतून वेगळे काही दिसले की इशारा देणे. इथे तीन प्रकार मानले जातात. एकटाच टोकाचा आकडा हा पहिला. दुसरा संदर्भामुळे वेगळा ठरणारा: ३० अंश तापमान उन्हाळ्यात काहीच नाही, बर्फाळ हिवाळ्यात धक्कादायक आहे. तिसरा समूहाचा, ज्यात प्रत्येक आकडा निर्दोष असतो पण त्यांचा क्रम संशयास्पद असतो. हृदयाच्या आलेखात एखादी सामान्य पातळी नको तितका वेळ सपाट राहणे हे याचे उदाहरण. 'दुर्मिळ म्हणजे विसंगत' हे समीकरण पहिल्या प्रकाराच्या पलीकडे टिकत नाही.

दुर्मिळपणाचा खरा फटका वेगळीकडे बसतो. समजा, दहा हजार व्यवहारांत एक खोटा आहे आणि तो ओळखणारी प्रणाली खऱ्याला खरे आणि खोट्याला खोटे ९९ टक्के वेळा अचूक म्हणते. दहा लाख व्यवहारांत १०० खोटे, त्यांतील ९९ पकडले जातील. पण उरलेल्या ९,९९,९०० खऱ्या व्यवहारांपैकी ९,९९९ वरही खूण होईल. म्हणजे शंभर इशाऱ्यांत खरा जेमतेम एक. त्यामुळे इशारे पाहणारा माणूस हळूहळू ते न वाचताच पुसू लागतो, आणि हा दोष त्या माणसाचा नसतो.

ओझोनची कथा या संदर्भात नेहमी चुकीची सांगितली जाते म्हणून लिहितो. फार्मन, गार्डिनर आणि शँक्लिन यांनी अंटार्क्टिकावरील हॅली केंद्रातील नोंदींवरून १९८५ साली ओझोनमधील मोठी घट प्रसिद्ध केली. उपग्रहाच्या संगणकाने तेच कमी आकडे 'अशक्य' म्हणून फेकून दिले होते, असे सांगतात. प्रत्यक्षात १८० डॉब्सन एककांखालील (ओझोनचे प्रमाण या एककात मोजतात) मूल्यांवर संशयाची खूण केली जात होती. ती साठवलेली होती, आणि म्हणूनच नंतर उपग्रहाच्या नोंदींतून त्या विवराचा संपूर्ण विस्तार दाखवता आला. खूण करणे आणि फेकणे यांतील फरक मला या साऱ्या चर्चेपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

पाचवा भाव:

अर्थशास्त्राला कोणी विचारत नाही, म्हणून स्वतःच येतो. रॉयल डच आणि शेल या दोन कंपन्यांनी १९०७ पासून आपले हितसंबंध ६०:४० या प्रमाणात जोडले होते. तेव्हा त्यांच्या बाजारमूल्यांचे प्रमाणही दीडपट राहायला हवे होते. ते वर्षानुवर्षे त्यापासून बरेच दूर भटकत असे. इथे अपेक्षा कोणत्याही गुंतागुंतीच्या सिद्धांतावर नव्हे, साध्या भागाकारावर उभी होती, म्हणून हे उदाहरण मला निर्मळ वाटते. बाकी बहुतेक बाजार-विसंगतींत खोच अशी की 'परतावा अपेक्षेपेक्षा जास्त मिळाला' म्हणताना अपेक्षा कुठल्यातरी प्रतिमानातून (मॉडेलमधून) काढलेली असते. बाजार चुकला की प्रतिमान, हे एकट्या आकड्यावरून ठरत नाही.

आमच्या विसंगतींची आणखी एक खासियत आहे: त्या ओळखल्या गेल्यावर विरघळतात. २०१६ साली मॅक्लीन आणि पाँटिफ यांनी परताव्याचे भाकीत करणाऱ्या अशा ९७ संकेतांचा अभ्यास केला, तेव्हा शोधनिबंध प्रसिद्ध झाल्यानंतर त्यांवरील परतावा ५८ टक्क्यांनी घटलेला आढळला. काही भाग मूळ अभ्यासातील योगायोगाचा असेल, काही भाग वाचून पैसे लावणाऱ्यांचा. बुधाने ल व्हेरिए यांचा लेख वाचून चाल बदलली नाही.

मंदोच्च:

शेवटच्या वाक्याला दाद. त्याच्या जोडीला उलट दिशेचे एक उदाहरण देतो, ज्यात विसंगतच सामान्य निघाले. झेमानने १८९६ साली चुंबकीय क्षेत्रात वर्णरेषा (प्रकाशाच्या वर्णपटातील रेषा) रुंदावतात हे पाहिले आणि लॉरेंट्झच्या सिद्धांताप्रमाणे एका रेषेच्या तीन व्हाव्यात असे ठरले. काही रेषांच्या तशा होत. त्याला 'सामान्य' परिणाम म्हटले गेले. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषांच्या मात्र चार आणि सहा झाल्या; असल्या सर्व प्रकारांना 'असंगत' नाव मिळाले. १९२५ साली इलेक्ट्रॉनच्या परिवलनाची (स्पिनची) कल्पना आल्यावर कळले की असंगत हाच सर्वसाधारण नियम आहे, आणि एकूण परिवलन शून्य असते तेव्हा उरणारा खास प्रकार म्हणजे तो 'सामान्य'. नावे मात्र अजून बदललेली नाहीत आणि विद्यार्थी दर वर्षी उलटीच शिकतात.

शब्दवेध:

केला, गेला, आला!

चौकट:

इथवरच्या चर्चेनंतर माझी मूळ भूमिका दुरुस्त करतो. अपेक्षेशिवाय विसंगती नाही हे मी अजूनही धरून आहे, परंतु ती अपेक्षा कुठून आली यावर सारे अवलंबून आहे: वस्तूच्या कामातून, सवयीच्या सरासरीतून, की सिद्धांतातून. पहिली असेल तर दुरुस्ती करतात, दुसरी असेल तर मोजून नकाशा काढतात, तिसरी असेल तर भांडतात. त्यातही एक प्रकरण मला कुठेच बसवता येत नाही, ते मांडतो.

१८९२ च्या सुमारास ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ रेले यांना आढळले की हवेतून मिळवलेला नायट्रोजन हा अमोनियापासून मिळवलेल्या नायट्रोजनापेक्षा सुमारे अर्धा टक्का जड भरतो. चूक म्हणावी तर ती प्रत्येक वेळी त्याच दिशेने, तेवढीच येत होती. १८९४ साली रॅम्झी आणि रेले यांनी त्यातून अरगॉन वेगळा काढला. परंतु त्याच्या शंभरहून अधिक वर्षे आधी, १७८५ मध्ये, हेन्री कॅव्हेंडिश यांनी हवेतील नायट्रोजन विजेच्या ठिणग्यांनी ऑक्सिजनशी संयोग करवून संपवत आणला होता आणि शेवटी एक छोटा बुडबुडा शिल्लक राहिला होता. त्यांनी तो मोजला आणि लिहून ठेवले की, वेगळे काही असलेच तर ते एकूण नायट्रोजनाच्या १२० व्या भागाहून अधिक नाही. या १०७ वर्षांत तो बुडबुडा विसंगती होता का?

छिद्रान्वेषी:

नव्हता. कॅव्हेंडिश यांच्या दृष्टीने ती त्यांच्या प्रयोगाची अचूकता होती. नायट्रोजन बहुतांशी एकजिनसी आहे हे सिद्ध करायला त्यांनी तो आकडा दिला. उरलेल्या वायूविरुद्ध कोणतीही अपेक्षा नव्हती, म्हणून आपल्याच व्याख्येने विसंगतीही नाही.

सूक्ष्मदर्शी:

मला हे पटत नाही. अरगॉन नळीत होता, मोजला गेला होता, लिहिला गेला होता. मर्यादेच्या किंचित बाहेरचा आकडा, ज्यावर खूण झाली पण कोणी फोन उचलला नाही, तो आमच्या प्रयोगशाळेत 'नव्हताच' असे मला म्हणता येणार नाही.

विदाविद:

खूण होती, इशारा नव्हता. आमच्याकडे याला दोन वेगळे रकाने असतात.

मोजपट्टी:

आणि कॅव्हेंडिश यांचा आकडाही पाहण्यासारखा आहे. हवेत अरगॉन सुमारे ०·९३ टक्के आणि नायट्रोजन ७८ टक्के, म्हणजे दोघांच्या मिश्रणात अरगॉन साधारण ८५ वा भाग भरतो. ठिणग्या पाडून, तेवढ्या चिमुकल्या बुडबुड्याचा अंदाज घेऊन ते १२० पर्यंत पोहोचले होते. चौकट, पाण्याबद्दलही एक राहून गेले: वितळलेली सिलिका आणि द्रव टेल्युरियम यांचीही घनता एका विशिष्ट तापमानाला सर्वाधिक होते आणि त्याखाली पुन्हा घटते. आपण ज्या रांगेत पाण्याला उभे केले होते, तिच्या शेजारी एक छोटी रांग आधीपासूनच आहे.

चौकट:

मग त्या छोट्या रांगेत पाऱ्याला उभे केले तर त्याला काय म्हणायचे, हे आता मी विचारत नाही.